आशाताईला शाबासकी पुरे, आता मजुरी द्या

भात लावणीला आलेल्या बाईला संध्याकाळी मजुरी मोजून द्यावी लागते. पुढे रोप धरले की कुजले, यावर तिची मजुरी अवलंबून नसते. शेतीतला हा साधा नियम गावच्या आशाताईला मात्र लागू नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. साधारण १००० लोकवस्तीमागे गावातलीच एक स्त्री आशा म्हणून निवडावी, असे ठरले. तिला स्वयंसेविका म्हटले. पगार नाही, कामागणिक मोबदला. काही ठराविक कामांना महिन्याची रक्कम मिळते आणि राज्येही तीत भर घालतात, हे खरे. पण कर्मचारी म्हणून तिची नोंद नाही.

या स्त्रियांचे म्हणणे नीट ऐकावे असे आहे. आमच्या खानापूर तालुक्यात रानाकडच्या वाड्यांवर भर पावसात चिखल तुडवीत जावे लागते. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातील आशेला एका बाळंतपणामागे ६०० रुपये ठरले : ३०० गरोदरपणातील देखरेखीचे, ३०० दवाखान्यात बाळंतपण झाल्याचे. महिनोन् महिने फेऱ्या घालूनही बाई घरीच बाळंत झाली, तर दुसऱ्या ३०० वर पाणी सोडावे लागते. रात्री बाईला दवाखान्यात पोचविले, तर पाठ टेकायला जागा नाही आणि परतायला वाहन नाही. शिवाय झालेल्या कामाचे पैसे महिने महिने अडकतात, ते वेगळेच.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. गौरवाने चूल पेटत नाही. योजनांतील अशा स्त्रियांना कामगार मानून किमान वेतन द्यावे, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली होती.

सेवेचे मोल करू नये, असे काहीजण म्हणतात. सेवा करणारा आपण होऊन मोबदला सोडतो. दुसऱ्याने तो अडवून ठेवायचा आणि त्याला सेवा म्हणायचे, हा अन्याय होय.

वेतन ठरविणे सरकारचे काम. पण ग्रामसभेत तसा ठराव मांडणे आपल्या हाती आहे. बाळंतपण कुठे करणार, हे तिला वेळेवर सांगा. रात्री दवाखान्यात जाताना घरचे एक माणूस बरोबर द्या आणि तिच्या परतीची सोय करूनच निजा.