‘बनवाबनवी’चे मीम पाठ, पण सिनेमा पाहिला का? विनोद तीस सेकंदांत का मावत नाही?

मराठी प्रेक्षकाला आवडता विनोदी चित्रपट विचारला, की ‘अशी ही बनवाबनवी’चे नाव यायला वेळ लागत नाही. हा चित्रपट १९८८ चा. आज विशीत असलेल्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तरी धनंजय माने कुठे राहतात, ही चौकशी त्यांना तोंडपाठ आहे. व्हॉट्सअ‍ॅप स्टिकरवर ती आहे, टी-शर्टवरही आहे. चित्रपट मात्र यातल्या अनेकांनी तुकड्यातुकड्यांनीच पाहिलेला असतो. आवडता सिनेमा म्हणून नाव एका चित्रपटाचे घेतले जाते, पण आवडलेल्या असतात त्यातल्या आठ-दहा क्लिप. हा फरक किरकोळ नाही.

सत्तर रुपयांत असे काय आहे?

सर्वाधिक फिरणाऱ्या प्रसंगांपैकी एक घ्या. घरमालक विश्वास सरपोतदार (सुधीर जोशी) मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले ७० रुपये मागतात. औषध आणणारा मित्रच वारला, असे धनंजय माने (अशोक सराफ) सांगतात. मित्राबरोबर रुपयेही गेले! रीलवर याला हसू येतेच. पण पूर्ण चित्रपटात या थापेला एक कारण आहे. पुण्यात भाड्याची जागा टिकवायची, तर मालकाला सांभाळून घ्यावे लागते आणि जमेल तेवढे गंडवावेही लागते. पुढे ही जागा जाते आणि चार तरुणांवर डोक्यावर छप्पर शोधण्याची वेळ येते.

लीलाबाई काळभोर यांच्याकडे खोली आहे, पण फक्त जोडप्यांसाठी. म्हणून परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे) पार्वती होतो आणि सुधीर (सचिन पिळगावकर) सुधा. इथून एक थाप निभावण्यासाठी दुसरी आणि दुसरीसाठी तिसरी. पार्वतीचे डोहाळजेवण घालण्यापर्यंत मजल जाते. त्या प्रसंगातली खरी गंमत बेर्डेंच्या साडीत नाही. आता हे उघडे पडले तर चौघेही रस्त्यावर, ही धाकधूक प्रेक्षकाला आधीपासून लागलेली असते, आणि हसू फुटते ते तिच्यामुळे. तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये साडी दिसते, धाकधूक दिसत नाही. संदर्भ कापला की उरतो तो फक्त बाईच्या वेषातला पुरुष. ती गंमत फार जुनी आणि थोडी स्वस्तही आहे. (साडी नेसून हसवण्याचे नंतरच्या टीव्हीवरचे कितीतरी प्रयत्न आठवून पाहा.)

ही कल्पना मूळची मराठी नाही, हेही इथे सांगायला हवे. हृषिकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून ती घेतली आहे. त्या हिंदी चित्रपटाचे नाव आज फारसे निघत नाही. मराठीत मात्र वसंत सबनीस यांच्या लेखणीने तिला पुणेरी घरमालक दिले, इथली बोली दिली. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणारे हेच सबनीस. मीमवर अशोक सराफ यांचा चेहरा असतो, सबनीसांचे नाव कुठेच नसते.

टिपरे रीलवर का चालत नाहीत?

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेची अडचण नेमकी उलटी आहे. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’वर आधारलेल्या आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत पंचलाइन शोधूनही सापडत नाही. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका. एका मध्यमवर्गीय घरातली पाच माणसे, त्यांच्या बारीकसारीक कुरबुरी. शेखरचा चडफडाट विनोदी का वाटतो, हे कळायला त्याला चार-पाच भाग ओळखावे लागते. क्लिप कापायची तर कुठून, हाच प्रश्न. म्हणून फोनवर ही मालिका कमी दिसते आणि नव्या प्रेक्षकाला ती कमी दर्जाची वाटण्याचा धोका आहे. प्रत्यक्षात मराठी टीव्हीवरचा इतका शांत आणि नेमका विनोद क्वचितच झाला आहे.

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ तुलनेने फोनसाठीच बेतल्यासारखी आहे. छोटी स्किट, लगेच हशा. समीर चौघुले यांचे टायमिंग पाहण्यासारखे असतेच. पण मधूनमधून कॅमेरा परीक्षकांच्या हसण्यावर जातो, तेव्हा कुठे हसायचे हे प्रेक्षकाला कुणीतरी सांगतेय असे वाटते. बनवाबनवीत किंवा टिपऱ्यांच्या घरात तशी सोय नव्हती, तिथे हसण्याची जागा प्रेक्षकच शोधायचा.

ज्यांनी ‘बनवाबनवी’ फक्त रीलवर पाहिला आहे, त्यांनी एखाद्या रविवारी तो पहिल्या दृश्यापासून लावावा. पाठ असलेला संवाद येईल तेव्हा तो नेहमीपेक्षा वेगळा ऐकू येईल, कारण तोवर त्या दारामागे किती गोंधळ घालून ठेवला आहे, हे माहीत झालेले असेल.