हॅक टाकून मिळवलेला मान

ऑनलाइन गेममध्ये मुले फसवणूक का करतात, असे विचारले की मोठी माणसे 'पैशाची हाव' म्हणून मोकळी होतात. आमच्या चिंताकीत संध्याकाळी कट्ट्यावर बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ खेळणाऱ्या पोरांकडे पाहून मला हे पटत नाही. तिथे बक्षीस नसते. तरीही एखादा फोनमध्ये हॅक टाकतो. मग भिंतीआडचा गडी त्याला रंगीत चौकटीत दिसतो आणि गोळी आपसूक डोक्यात बसते. पदरात पडते ती वरची रँक आणि चारचौघांत मिरवायला एक स्क्रीनशॉट. ही हाव मानाची आहे.

तिला 'सगळेच करतात' ही सबब खतपाणी घालते. हॅकरकडून मार खाल्लेला प्रामाणिक पोरगाही शेवटी हॅक शोधू लागतो. आयडी बॅन झाली तर दुसरी फुकट काढता येते आणि हरणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. मग लाज वाटणार कुणाची?

कंपन्यांनी बंदी घालावीच, पण नुसत्या शिक्षेने हे थांबत नाही. 'फोर्सेकन' या नावाने खेळणाऱ्या भारतीय खेळाडूला काउंटर-स्ट्राइक या संगणकावरील गोळीबाराच्या खेळातील फसवणुकीबद्दल आधी एकदा बंदी झाली होती. तरी ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या स्पर्धेत तो पुन्हा पकडला गेला. नेम साधून देणारा प्रोग्राम त्याने 'वर्ड' या साध्या नावाखाली दडवला होता. त्याला पाच वर्षांची बंदी झाली आणि 'ऑप्टिक इंडिया' हा त्याचा संघच मोडला. सोबतच्या निर्दोष खेळाडूंची मेहनतही मातीत गेली.

2025 च्या केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे. मग खेळाचे संस्कारही द्यायला हवेत. पण परीक्षेतल्या कॉपीकडे कानाडोळा करणारे आपण मोठेच 'कसेही कर, पण पहिला ये' हे मुलांना शिकवतो.

औराद तालुक्यातील युवक मंडळांना माझी विनंती आहे : जत्रेत कुस्ती-कबड्डी भरवता, तशी बीजीएमआयचीही एक स्पर्धा समोरासमोर, मंडळाने तपासलेल्या फोनवर भरवा. आणि पालकांनो, मुलाला रँक विचारण्याआधी ती कशी मिळवली, हे विचारा. खोटेपणाने मिळवलेल्या रँकचे घरात कौतुक होता कामा नये.

— एक शिक्षक,
चिंताकी, ता. औराद, जि. बिदर