बायपास मारण्याआधी

भोसरी असो, चाकण असो की सातपूर, प्रेस शॉपमध्ये रात्रपाळीला एक तक्रार ठरलेली असते : “कर्टन परत कट होतोय.” ऑपरेटरचा हात आत नसतो, तरी प्रेस मधेच थांबते. दोन-तीनदा रीसेट मारून होतो, सुपरवायझर घड्याळाकडे बघतो आणि पॅनेल उघडलं जातं. पुढे वायरचा एक तुकडा लागतो. याला ‘बायपास मारणं’ म्हणतात. प्रॉडक्शन सुरू होतं. लाइट कर्टन मात्र आता शोभेपुरता उरलेला असतो.

जर्मनीच्या एर्विन सिक यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हे साधन यंत्रांवरचे अपघात टाळण्यासाठी पुढे आणलं. एका पट्टीतून निघणारे अवरक्त किरण समोरच्या पट्टीत पोचले पाहिजेत. त्यातला एक जरी अडला, तरी दोन स्वतंत्र आउटपुट बंद होतात आणि यंत्र थांबतं. शंका आली की थांबायचं, असाच त्याचा स्वभाव घडवलेला आहे. म्हणून विनाकारण वाटणाऱ्या थांबण्यालाही बहुधा कारण असतं, आणि ते पुष्कळदा कर्टनच्या बाहेर असतं.

सुरुवात फडक्याने करावी. तेलाचा फवारा आणि धूळ पट्टीच्या खिडकीवर बसली की रिसीव्हरपर्यंत प्रकाश कमी पोचतो. मऊ ओलं फडकं पुरतं. थिनर नको, त्याने प्लास्टिकची खिडकी कायमची धुरकट होते. मग ब्रॅकेट बघावा. प्रेसच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात, डाय बदलताना पट्टीला धक्का लागतो, आणि अलाइनमेंट जेमतेम उरतं. थांबण्याची वेळ लिहून ठेवली तर निम्मं कोडं सुटतं. रोज संध्याकाळीच थांबते? पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन रिसीव्हरवर पडत असेल. शेजारची प्रेस चालू असतानाच थांबते? तिच्या कर्टनचा ट्रान्समीटर या रिसीव्हरकडे तोंड करून असेल. पट्ट्यांची दिशा उलटी करणं किंवा मधे आडोसा लावणं, एवढ्याने हे दुखणं जातं.

खरी गफलत होते ती काँटॅक्टरच्या बाबतीत. मोटर किंवा व्हॉल्व्हचा पुरवठा तोडणारे दोन काँटॅक्टर खरोखर सुटले की नाही, हे कर्टन किंवा त्याचा सेफ्टी रिले एका फीडबॅक वायरीवरून तपासतो. काँटॅक्टरचे पॉइंट चिकटले तर रीसेट मिळतच नाही. शॉपमध्ये निदान होतं, ‘कर्टन गेला’. नवा मागवला जातो, तोही चालत नाही, आणि मग कुणीतरी फीडबॅक शॉर्ट करून टाकतो. आता दोनपैकी एक काँटॅक्टर आधीच निकामी आहे. दुसराही चिकटला, तर कर्टन लाल होईल, पण प्रेस थांबणार नाही.

एवढ्या तक्रारी ऐकूनही सगळ्यात वाईट बिघाड कानावर येतच नाही, कारण त्यात काहीच थांबत नाही. कर्टनच्या बाजूला चकचकीत पत्र्याची थप्पी लावली, तर किरण तिच्यावरून परावर्तित होऊन रिसीव्हर गाठतात. मधे बोट असलं तरी दिवा हिरवाच. टाइप ४ कर्टनमध्ये दोन पट्ट्यांतलं अंतर तीन मीटरपर्यंत असेल, तर किरणांपासून १३१ मिलीमीटरच्या आत चकचकीत पृष्ठभाग चालत नाही. हा बिघाड पकडायला टेस्ट रॉड असतो. पाळी सुरू होताना तो ट्रान्समीटरजवळ, मधोमध आणि रिसीव्हरजवळ वरून खाली सावकाश फिरवायचा. पूर्ण वेळ दिवा लाल राहिला पाहिजे. किती कारखान्यांत हा रॉड कपाटात कुलूपबंद असतो, ते सेफ्टी ऑफिसरनेच सांगावं.

तितकाच मुका दोष ब्रेकमध्ये असतो. हात सेकंदाला दोन मीटर वेगाने आत जातो, असं धरून कर्टनचं डायपासूनचं अंतर ठरवतात. थांबायला एकूण १५० मिलिसेकंद लागत असतील, तर बोट ओळखणाऱ्या १४ मिलीमीटरच्या कर्टनला ३०० मिलीमीटर अंतर पुरतं. लायनिंग झिजून तोच वेळ २२० झाला, की ४४० लागतं. कर्टन अगदी ठणठणीत, वेळेवर कट होणारा. पण हात आधी पोचतो.

पिन क्लचच्या जुन्या प्रेसवर तर कर्टन लावणं म्हणजे शुद्ध फसवणूक. तिथे एकदा क्लच पकडला की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो. अशा प्रेसला डायभोवती बंदिस्त गार्डच हवा. धोकादायक भाग झाकलेले असावेत, हे कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम २१ने केव्हाच सांगितलं होतं. तरीही ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या ‘क्रश्ड’ अहवालांत वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटं गमावलेल्या कामगारांच्या नोंदींत पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येते.

बायपास मारणाऱ्या इलेक्ट्रिशियनला दोष देणं सोपं आहे. रात्री दोन वाजता त्याच्या हाती ना मॅन्युअल असतं, ना प्रेस बंद ठेवण्याचा अधिकार. मालकांनी आणि प्लँट हेडनी तो अधिकार त्याला लेखी द्यावा. आणि प्रेसचा थांबण्याचा वेळ शेवटचा कधी मोजला, ती तारीख उद्याच मेंटेनन्सच्या वहीत शोधावी. सापडली नाही, तर मोजेपर्यंत प्रेस बंद ठेवावी.