फटफटीचा परवाना आणि त्याच्या पायऱ्या

बारावीचा निकाल लागला आणि अठरावें वर्ष पूर्ण झालें, कीं आपल्याकडील पुष्कळ घरांत एक वाद हटकून सुरू होतो. मुलाला मोटरसायकल हवी असते. आईला ती नको असते. आणि वडील "घेऊं, पण लहानशी घेऊं" असें म्हणून वेळ मारून नेतात. पुढें दुकानांत गेल्यावर 'लहानशी' या शब्दाचा अर्थ हळूहळू बदलत जातो. हप्त्यांत दरमहा थोडाच फरक पडतो, मित्राकडे तीच आहे, आणि शिवाय "पुढें मोठी घ्यावीच लागणार, मग आतांच कां नको?" अशीं कारणें एकामागून एक निघतात. प्रस्तुत लेखांत या शेवटच्या कारणाचाच विचार करावयाचा आहे. तें वरवर पाहतां मोठें व्यवहाराचें दिसतें. माझ्या मतें सर्वांत घातक तेंच आहे.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो तें आधीं पाहूं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या दहाव्या कलमांत परवान्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत मोटरसायकलचे मुख्य भेद दोनच : गिअर नसलेली आणि गिअर असलेली. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो हातीं आल्यापासून निदान तीस दिवस गेल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. ज्या मुलानें आठ अश्वशक्तीच्या, शंभर सी. सी. च्या गाडीवर बसून आर. टी. ओ. च्या मैदानांत पाय न टेकतां आठाचा आंकडा काढून दाखविला, त्याला मिळालेला परवाना हजार सी. सी. ची, शेंदीडशें अश्वशक्तीची गाडी रस्त्यावर आणण्यासहि तितकाच पुरेसा असतो. मध्यें एकहि पायरी नाहीं. पोहण्याच्या तलावांत उथळ बाजूला चार हात मारून दाखविले, कीं समुद्रांत जाण्याची मोकळीक मिळावी, तसा हा प्रकार आहे.

अन्य देशांत असें नाहीं, आणि नेहमींच असें नव्हतें असेंहि नाहीं. इंग्लंडांतसुद्धां १९६० सालापर्यंत नवशिक्याला वाटेल तेवढ्या मोठ्या फटफटीवर शिकतां येत असे. पुढें १९६१ मध्यें नवशिक्यासाठीं २५० सी. सी. ची मर्यादा आली. १९८३ मध्यें ती १२५ सी. सी. वर उतरली, आणि १९९० मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें. तेथें सतरा वर्षांच्या मुलाला आज रस्त्यावर यावयाचें झालें, तर प्रथम शिक्षकासमोर डोळ्यांची तपासणी, बंद मैदानांतील अभ्यास आणि मग निदान दोन तास प्रत्यक्ष रस्त्यावर शिक्षकासह फेरी, एवढें करावें लागतें. त्यांत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असें कांहीं नसतें. शिक्षकाचें समाधान झालें तर दाखला, नाहीं तर पुन्हां यावयाचें. तो दाखला दोन वर्षेंच चालतो, आणि त्यावर १२५ सी. सी. पर्यंतची गाडी, पुढेंमागें 'एल' अक्षर लावून, एकट्यानेंच चालवावयाची असते. डबल सीट नाहीं, मोटरवेवर जाणें नाहीं.

यानंतरच्या पायऱ्या युरोपांत २०१३ च्या जानेवारीपासून एका मापानें बांधलेल्या आहेत. पहिली पायरी ११ किलोवॉटपर्यंतची. दुसरी ३५ किलोवॉटपर्यंतची, तिच्यासाठीं इंग्लंडांत वय एकोणीस. आणि तिसरी, म्हणजे मर्यादाच नसलेली, दुसऱ्या पायरीवर दोन वर्षें काढलीं असतील तर एकविसाव्या वर्षीं, एरवीं चोविसाव्या वर्षीं. प्रत्येक पायरीला निराळी परीक्षा. यांत मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट अशी, कीं तेथें केवळ सी. सी. मोजीत नाहींत, इंजिनाची शक्ति आणि गाडीचें वजन यांचें प्रमाणहि मोजतात. आपल्याकडे मुलें "साडेतीनशेंची", "चारशेंची" अशीच भाषा बोलतात. पण रॉयल एन्फील्डची ३५० सी. सी. ची बुलेट सुमारें वीस अश्वशक्तीची आणि वजनाला १९० किलोंच्या वर. उलट आपल्या पुण्याजवळ चाकण येथें तयार झालेली के. टी. एम. ची ३७३ सी. सी. ची ड्यूक त्रेचाळीस अश्वशक्तीची आणि सुमारें १६५ किलोंची. सी. सी. जवळजवळ सारखे, परंतु एक म्हैस आणि दुसरा हरिण! युरोपच्या कायद्यानें ही ड्यूक दुसऱ्या पायरीच्या अगदीं वरच्या कांठाला टेकते. म्हणजे पहिल्या परवान्यावर ती कोणाच्याहि हातीं पडत नाहीं. आपल्याकडे ती अठराव्या वाढदिवसाची भेट असते.

जपानांतील पद्धति मला याहून मनोरंजक वाटते. तेथें १२५ सी. सी. पर्यंत, ४०० सी. सी. पर्यंत आणि त्यापुढील असे परवान्याचे वर्ग असून सर्वांत मोठ्या गाडीला वय अठरा लागतें. परीक्षेंत एक अरुंद फळी ठेवलेली असते : पंधरा मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद आणि पांच सेंटिमीटर उंच. तिच्यावरून गाडी न पडतां न्यावयाची, हें झालेंच. पण ती जलद न्यावयाची नसून सावकाश न्यावयाची. मधल्या वर्गाला सात सेकंदांहून आणि मोठ्या वर्गाला दहा सेकंदांहून अधिक वेळ लागला पाहिजे. आपल्या शाळांच्या वार्षिक क्रीडामहोत्सवांत मंद सायकलची शर्यत असते, आणि प्रेक्षक तिला हंसतात. परंतु ज्यांनीं तींत भाग घेतला आहे त्यांना ठाऊक आहे, कीं शेवटीं रेषेवर पोंचणारा तो विजयी, हा नियम किती कठीण आहे. वेग हा तोल सांभाळणारा मित्र आहे. तो काढून घेतल्यावर चालविणाऱ्याचें खरें कौशल्य उघडें पडतें. शिवाय तेथील मोटरशाळांत आरंभींच्या धड्यांत आडवी पडलेली गाडी उठवून उभी करण्यास शिकवितात. दोनशें किलोंचें धूड स्वतःच्या हातांनीं उचलून पाहिल्यावर मुलाच्या मनांत तिच्याविषयीं जो आदर उत्पन्न होतो, तो दहा व्याख्यानांनीं होणार नाहीं.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पुढील गोष्ट सांगावयास नको, तरी इतरांसाठीं सांगतों. गाडीची गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. ताशीं चाळीस किलोमीटरवरून साठ झालें, तर वेग दीडपट होतो, परंतु ब्रेकनें जिरवावयाची ऊर्जा सव्वादोनपट होते. ऐंशी झाले तर चौपट. त्यांत मनुष्याच्या मेंदूला धोका पाहून हात-पाय हलविण्यास जो सुमारें एक सेकंद लागतो, तेवढ्यांत ताशीं साठच्या वेगानें गाडी जवळजवळ सतरा मीटर पुढें गेलेली असते, म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच. आतां लहान गाडीवर नवशिक्यानें दचकून ॲक्सिलरेटर जरा जास्त पिळला, तर ती फार तर एक हिसका देते. तीच चूक चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या गाडीवर झाली, तर चूक कळून ती सुधारावयाच्या आंत समोरची बैलगाडी अंगावर आलेली असते. लहान गाडी चुकीला क्षमा करते. नवशिक्याला तिची गरज आहे ती याचसाठीं. वळणावर किती वांकावें, पुढचा ब्रेक किती व मागचा किती दाबावा, पहिल्या पावसानें रस्त्यावरचें तेल वर आलें म्हणजे काय होतें, वळणावर सांडलेली खडी कशी ओळखावी, एस. टी. च्या मागून बाहेर पडतांना समोर काय असूं शकेल, हें सारें शिकावयाला दोन पावसाळे तरी जावे लागतात. आणि तें ज्या गाडीवर शिकावयाचें, ती गाडी स्वतःच दुसरा धोका असूं नये.

या मतावर आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं एकाचें म्हणणें मला खरेंच वजनदार वाटतें. ते म्हणतात, "आमच्या देशांत दुचाकी ही चैन नाहीं. दूधवाला, सुतार, गांवचा शिक्षक, सर्वांचें पोट तिच्यावर आहे. परीक्षांच्या पायऱ्या वाढविल्या कीं दलालांच्याच पायऱ्या वाढतील." दलालांविषयीं मी कांहीं बोलत नाहीं, ज्यांनीं ती रांग पाहिली आहे त्यांना सांगावयास नको. परंतु दूधवाल्याची गाडी शंभर ते सव्वाशें सी. सी. ची असते, ती पहिल्याच पायरीवर बसते. त्याला दुसरी परीक्षा कधींच द्यावी लागणार नाहीं. पायऱ्यांचा बोजा पडेल तो ज्यांना मोठी गाडी हवी त्यांच्यावर. आणि ज्यांना तेवढी किंमत परवडते, त्यांना आणखी एक दिवस आर. टी. ओ. त जाणें परवडावें.

दुसरा आक्षेप असा, कीं अपघात लहान गाड्यांनाहि होतातच. होतात यांत शंका नाहीं. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं, असें सरकारी अहवालांत नमूद आहे. त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरचीं होतीं. आपल्याकडे लहान गाड्याच अधिक, म्हणून त्यांत त्यांवरचींच अधिक असणार. परंतु यावरून लहान गाडीहि शिकूनच चालवावी एवढेंच निघतें. मोठी न शिकतां चालवावी असें निघत नाहीं. त्याच वर्षीं ५०,०२९ माणसें हेल्मेट न घातलेलीं मेलीं, हेंहि त्याच अहवालांत आहे.

हेल्मेटचा विषय निघाला म्हणून थोडें विषयांतर करतों. अरबस्तानच्या मोहिमेनें प्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स हा मोटरसायकलचा मोठा शौकीन. ब्रफ सुपीरिअर नांवाच्या त्या काळच्या जलद गाड्या त्यानें एकामागून एक बाळगल्या होत्या. मे १९३५ मध्यें डॉर्सेटमधील आपल्या घराजवळच, सायकलवरील दोन मुलांना चुकवितांना तो पडला, डोक्याला मार लागला, आणि सहा दिवसांनीं वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनीं पुढें लष्करांतील निरोप्या मोटरसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्यें शिरस्त्राणाच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केला. इंग्लंडांत हेल्मेट सर्वांना सक्तीचें झालें तें १९७३ मध्यें. लॉरेन्स नवशिका नव्हता, हें येथें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे.

आतां जीं मुलें अद्याप अठरा वर्षांचीं नाहींत, त्यांच्या पालकांना दोन शब्द. पालकहो, सोळाव्या वर्षीं आपला कायदा ५० सी. सी. पर्यंतची बिनगिअरची गाडी चालवूं देतो खरा, पण तिच्यासाठींहि परवाना लागतोच, आणि घरांतील ११० सी. सी. ची स्कूटर त्या मर्यादेंत मुळींच बसत नाहीं. क्लासला उशीर होतो म्हणून तिची किल्ली दहावींतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं देणारे आपल्यांत थोडे नाहींत. २०१९ च्या दुरुस्तीनें घातलेलें कलम १९९-अ त्यांनीं एकदां वाचावें. अल्पवयीनाकडून गुन्हा घडल्यास पालकाला अथवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचें होईपर्यंत शिकाऊ परवानाहि मिळत नाहीं. क्लासची दहा मिनिटें वांचविण्यासाठीं ही किंमत फार मोठी आहे. सायकल हें वाहन अजून जगांतून गेलेलें नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रहो, मोठ्या गाडीचें स्वप्न पाहूं नका असें मी म्हणत नाहीं. पावसाळ्यांत ताम्हिणी घाटांत भरल्या ढगांतून जाणाऱ्या मोटरसायकलीचा आवाज कोणाला आवडणार नाहीं? परंतु कायद्यांत पायऱ्या येईपर्यंत त्या घरांत घालून घेण्यास कोणाची हरकत नाहीं. पहिलीं दोन वर्षें सव्वाशें सी. सी. च्या आंतली गाडी, तीहि शक्यतों कोणाची वापरलेली, पहिले सहा महिने मागें कोणी बसवावयाचें नाहीं, रात्रीं महामार्गावर जावयाचें नाहीं, आणि आय. एस. आय. चिन्हाचें हेल्मेट गाडीच्या आधीं विकत घ्यावयाचें. जुनी लहान गाडी दोन वर्षांनीं विकली तरी तिची किंमत फारशी उतरत नाहीं, म्हणजे "पुढें दुसरी घ्यावीच लागणार" या हिशेबालाहि उत्तर मिळतें. मग पंचवीस-तीस अश्वशक्तीची, आणि तिच्यावर हात बसल्यावर वाटेल ती.

सरकारकडे मागणें करावयाचें, तर तें मोठें नाहीं. दहाव्या कलमांतील 'गिअर असलेली' या एका ओळीच्या तीन ओळी कराव्यात, त्या किलोवॉटांत मोजाव्यात, आणि वरच्या दोन वर्गांची परीक्षा त्या-त्या वर्गाच्या गाडीवर घ्यावी. आर. टी. ओ. च्या मैदानांत आठाच्या आंकड्याशेजारीं पंधरा मीटर लांबीची एक फळी टाकण्यास फारसा खर्च येईल असें वाटत नाहीं.