विश्लेषण : ‘अंगठा लागत नाही’ म्हणजे नेमके काय बिघडते?

पीएम किसानची ई-केवायसी असो, बँक मित्राकडून पैसे काढणे असो की नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, अनेकांची वाट आजही अंगठ्याच्या छोट्या यंत्रावरून जाते. तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडसारख्या गावात हे यंत्र बहुधा सेवा केंद्राच्या संगणकाला यूएसबी वायरने जोडलेले असते. ते चालले नाही की ठरलेले उत्तर मिळते, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ दर वेळी दोष सर्व्हरचाच असतो असे नाही. अनेकदा गाडी त्याच्या कितीतरी आधी, यंत्र आणि संगणक यांच्यामधल्या हातभर वायरीवर अडलेली असते. ही अडचण कुठे आणि का येते, हे समजून घ्यायला हवे. कारण तिची किंमत मजुरी बुडवून रांगेत उभा राहणारा माणूस मोजतो.

यंत्र जोडल्यावर संगणकात काय होते?

वायर खोचताच संगणक यंत्राला आधी ओळख विचारतो. यंत्र उत्तरादाखल आपली माहिती पाठवते. तिला ‘डिस्क्रिप्टर’ म्हणतात. त्यात उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि ‘इंटरफेस’ची यादी असते. इंटरफेस म्हणजे ते यंत्र करू शकते असे एकेक काम. झेरॉक्सच्या दुकानातला ऑल-इन-वन प्रिंटर घ्या. वायर एकच, पण छपाईचा इंटरफेस वेगळा आणि स्कॅनिंगचा वेगळा.

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे ‘कर्नेल’. हार्डवेअरशी होणारा व्यवहार त्याच्या हातून होतो. विशिष्ट यंत्राची भाषा त्याला समजावून सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘ड्रायव्हर’. यूएसबीत ड्रायव्हरची गाठ सहसा अख्ख्या यंत्राशी नव्हे, तर एकेका इंटरफेसशी बांधली जाते. म्हणूनच स्कॅनिंग बंद पडले तरी त्याच प्रिंटरवर छपाई सुरू राहू शकते.

माऊस लगेच चालतो, मग अंगठ्याचे यंत्र का नाही?

यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये आले. ते घडवणाऱ्या इंटेलमधील अभियंत्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट अग्रणी होते. कोणालाही कोणतेही यंत्र सहज जोडता यावे, हा उद्देश होता. त्यासाठी कामांचे ठरावीक वर्ग केले गेले. कीबोर्ड-माऊसचा वर्ग ०३, प्रिंटरचा ०७, पेन ड्राइव्हचा ०८. या वर्गांचे ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीच असतात. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा माऊस खोचला की चालतो.

बोटांच्या ठशांसाठी असा वेगळा सर्वमान्य वर्ग नाही. त्यामुळे उत्पादक बहुधा ‘एफएफ’ हा वर्ग लिहितात. त्याचा अर्थ, ‘माझी भाषा फक्त माझ्या कंपनीला येते.’ मग त्या कंपनीचा ड्रायव्हर शोधून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. त्याच्यावर पुन्हा ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा प्रोग्रॅम लागतो. ठसा कूटबद्ध करून आधारच्या पडताळणीसाठी देण्याची व्यवस्था तो पाहतो. नव्या एल-वन दर्जाच्या यंत्रांत हे कूटबद्धीकरण यंत्रातल्याच सुरक्षित चिपमध्ये होते. ही सुधारणा योग्यच आहे, पण तिच्यामुळे पायातला ड्रायव्हरचा प्रश्न सुटत नाही.

कर्नेलमधला ड्रायव्हर नाजूक विषय का?

साधे ॲप बंद पडले तर तेवढेच बंद पडते. कर्नेलमध्ये चालणारा ड्रायव्हर चुकला तर अख्खा संगणक कोसळू शकतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प केले. भारतातही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो प्रकार यूएसबीचा नव्हता, पण कर्नेलमधल्या चुकीची व्याप्ती त्यातून दिसली.

यूएसबीचे उदाहरण २०१४ चे आहे. एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपमधला उत्पादन क्रमांक थेट शून्य करून टाकला. ओळखच पुसल्यामुळे संगणक ती यंत्रे ओळखेनात. आत नकली चिप आहे, हे ज्यांना माहीतही नव्हते त्यांनाही फटका बसला. ड्रायव्हर कंपनीच्या हातात असतो, त्याचे परिणाम मात्र वापरणाऱ्याला भोगावे लागतात.

आता १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नियमित आधार संपला आहे. केंद्रचालक नव्या प्रणालीकडे वळतील, पण त्यांच्या जुन्या यंत्रासाठी कंपनी नवा ड्रायव्हर देईलच, याची हमी कोणी दिली आहे?

मोबाइलवर वेगळे काय घडते?

अँड्रॉइड फोनला ओटीजीने यंत्र जोडले की ‘या ॲपला यूएसबी उपकरण वापरू द्यायचे का?’ असा प्रश्न येतो. परवानगी दिली की ॲप फोनच्या यंत्रणेमार्फत त्या इंटरफेसशी बोलते. कंपनीचा प्रोग्रॅम कर्नेलच्या बाहेर राहतो. तो कोसळला तरी फोन सहसा सुरू राहतो. विंडोजमध्ये ‘विनयूएसबी’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरून हीच पद्धत शक्य आहे. लिनक्सवरही तशी सोय आहे. म्हणजे तांत्रिक मार्ग उपलब्ध आहे.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखावे?

विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये यंत्रापुढे कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच टाकलेला नाही. १० म्हणजे यंत्र सुरू होऊ शकले नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटलेली नाही. ४३ म्हणजे यंत्राने बिघाड कळवला. तेव्हा वायर किंवा पोर्ट बदलून पाहावे. ठसा पडद्यावर उमटतो पण जुळत नाही, तेव्हा मात्र ड्रायव्हरला दोष देऊन उपयोग नाही. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असू शकतात. अशा वेळी पीएम किसान आणि हयातीचा दाखला या दोन्हींसाठी चेहऱ्याने पडताळणीचा पर्याय आहे.

मग काय व्हायला हवे?

सरकार एखाद्या सेवेसाठी यंत्र आवश्यक ठरवते, तेव्हा त्याचा ड्रायव्हर ही केंद्रचालक आणि कंपनी यांच्यातली खासगी बाब राहत नाही. या यंत्रांना आज प्रमाणपत्र घ्यावेच लागते. त्याच्या अटींत तीन गोष्टी याव्यात. शक्य तिथे कर्नेलबाहेरचा मार्ग वापरावा. ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपडेटमधून आपोआप मिळावा. आणि तो किती वर्षे अद्ययावत ठेवला जाईल, ते खोक्यावर छापलेले असावे.

चौथी मागणी सर्वात स्वस्त आहे. काय अडले ते पडद्यावर मराठीत दिसावे : यंत्र सापडले नाही, ड्रायव्हर नाही, ठसा जुळला नाही की सर्व्हर बंद आहे. ड्रायव्हर नसेल तर तो चालकाने टाकायचा आहे. त्यासाठी ग्राहकाने दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा का मारावा? चारही कारणांवर ‘उद्या या’ हेच उत्तर मिळत राहिले, तर दोष कोणाचा हे कधीच नोंदले जाणार नाही आणि तो दूर करायची जबाबदारीही कोणावर येणार नाही.