टोल माफ केलात, प्लग कुठे लावायचा?

मा. मुख्यमंत्री तथा ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जुन्या इमारतींतल्या रहिवाशांना आपल्या पार्किंगमध्ये गाडी चार्ज करण्याचा हक्क

महोदय,

मे २०२५ मध्ये आपल्या सरकारने नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण काढलं. मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत, तरतूद १,९९३ कोटी रुपयांची. त्यातलं सगळ्यात गाजलेलं कलम म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू इथे इलेक्ट्रिक मोटारींना आणि बसना टोलमाफी. पुणं हे दुचाकींचं शहर आहे, आणि या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. हप्ते भरून इलेक्ट्रिक स्कूटर घेणाऱ्या पुणेकराच्या पदरात या माफीतला एक रुपयाही पडत नाही. त्याची अडचण त्याच्या घराच्या खाली, पार्किंगमध्ये आहे आणि तिथे आपलं धोरण पोचलेलं नाही.

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत ऐंशी-नव्वदच्या दशकात बांधलेल्या तीन-चार मजली इमारती आपल्याला ठाऊक आहेत. खाली पार्किंग, जिन्याखाली मीटरचा कोंदट बोळ, वायरिंग मूळचंच. राज्याच्या २०२१ च्या धोरणाने नव्या इमारतींत २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवायला सांगितलं, नव्या धोरणाने नव्या निवासी इमारतींत सगळंच पार्किंग सज्ज हवं म्हटलं. उत्तम. पण या जुन्या इमारतींचं काय? यातली लाखो माणसं आजच गाडी बदलायला निघाली आहेत. त्यांनी पुनर्विकासाची वाट बघायची?

आमच्या इमारतीत काय झालं ते सांगतो. माझी मागणी एवढीच होती : माझ्याच जागेत, माझ्याच खर्चाने, माझ्याच मीटरवरून ओढलेली तार, स्वतंत्र एमसीबी, योग्य अर्थिंग आणि १५ अँपिअरचा एक सॉकेट. परवानाधारक वायरमनकडून काम करून घेतो, असं लेखी दिलं. कमिटीचं पहिलं उत्तर ‘बघू’. मग ‘वार्षिक सभेत ठेवू’. सभेत कुणी म्हणालं, उद्या सगळ्यांनीच मागितलं तर? कुणी म्हणालं, आग लागली तर जबाबदार कोण? विषय पुढच्या सभेवर गेला. दाद मागायला ज्या कार्यालयात गेलो तिथे अर्जावर पोच मिळाली, उत्तर आजतागायत नाही. स्मरणपत्रांचंही तेच. सोसायटीचं आणि कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही, कारण शेजारच्या तीन गल्ल्यांत विचारलं तरी हीच हकीकत ऐकू येते.

सहकार आयुक्तांचं परिपत्रक आहे, हे आपले अधिकारी सांगतील. अर्ज आल्यापासून सात दिवसांत ना-हरकत द्यावी, असं ते म्हणतं. मग आठव्या दिवशी काय होतं? काहीही होत नाही. परवानगी मिळाली असं धरायचं की नाही, कमिटीवर कारवाई कुणी करायची, किती दिवसांत करायची, याचं बंधन सभासदाला कुठेच हातात धरता येत नाही. शिवाय पुण्यात बऱ्याच पाट्यांवर ‘सोसायटी’ नसून ‘अपार्टमेंट’ लिहिलेलं असतं. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याऐवजी १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असलेल्या या इमारतींच्या कमिट्या ‘ते परिपत्रक सोसायट्यांना, आम्हाला नाही’ म्हणून कागद परत करतात.

आगीची भीती मी हसण्यावारी नेत नाही. मार्च २०२२ मध्ये लोहगाव-धानोरी भागात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. तो व्हिडिओ पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. पुढच्याच महिन्यात त्या कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत मागवल्या. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. गाड्यांची आणि बॅटऱ्यांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था आमच्या कोथरूडच्या टेकडीवरच आहे. मग तिथल्या तज्ज्ञांच्या सहीने, मराठीत, दोन पानांची नियमावली प्रत्येक कमिटीच्या हातात का पडत नाही? तार किती जाडीची, सॉकेट जमिनीपासून किती उंच, कोणतं ब्रेकर बसवायचं, पावसाचं पाणी साचणाऱ्या पार्किंगमध्ये काय करायचं? हे न सांगता निर्णय चेअरमन-सेक्रेटरींवर सोडला, की निवृत्त झालेले ते भले लोक ‘नको ती जबाबदारी’ म्हणून नाहीच म्हणणार. त्या नकाराचं फळ काय, ते संध्याकाळी कुठल्याही गल्लीत जाऊन पाहावं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून घरगुती एक्स्टेंशनची वायर खाली लोंबते, जोड चिकटपट्टीने गुंडाळलेला, अर्थिंगचा पत्ता नाही, वर पाऊस. ज्यांची बॅटरी निघते ते ती जिन्याने वर नेऊन दिवाणखान्यात, पोराबाळांच्या झोपण्याच्या जागेशेजारी चार्जिंगला लावतात. खाली सुरक्षित सॉकेट नाकारून आपण धोका घरात पाठवला.

आता पैशांचं बोलू. इलेक्ट्रिक गाडी परवडते की नाही, याचं उत्तर पुण्यात एकाच प्रश्नावर ठरतं : घरी प्लग आहे का?

पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरू. पुण्याच्या रहदारीत स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर धरा. महिन्याला ७५० किलोमीटर फिरणाऱ्याचे सतराशेहून अधिक रुपये पंपावर जातात. तेवढ्याच अंतराला इलेक्ट्रिक स्कूटर साधारण ३० युनिट खाते. महावितरणचा २०२४-२५ चा घरगुती दर पाहा : पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, ३०० पर्यंत १०.२९, ५०० पर्यंत १४.५५, त्यापुढे १६.६४, प्रत्येक युनिटला १.१७ वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. पहिल्या टप्प्यात ती ३० युनिटं सुमारे दोनशे रुपयांत बसतात, तिसऱ्या टप्प्यात गेली तरी साडेपाचशेत. कसाही हिशेब केला तरी महिन्याला हजार रुपयांहून अधिक वाचतात. डिलिव्हरीच्या कामावर रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या पोराची बचत तर याच्या कितीतरी पट. पण घरी प्लग नसेल, तर गाडी तासन्‌तास सार्वजनिक केंद्रावर सोडून ठेवण्याएवढा वेळ या पोराकडे आहे का?

मोटारीचं गणित आणखी विचित्र. महिन्याला १,००० किलोमीटर, म्हणजे सुमारे १५० युनिट. सार्वजनिक जलद चार्जरवर २० रुपये दर धरला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी चढवला, की साडेतीन हजार होतात. सीएनजी किलोला ९० च्या आसपास आणि किलोमागे २५ किलोमीटर धरले, तर तेही छत्तीसशेच. म्हणजे घरी चार्जिंग नसलेल्या पुणेकराला काही लाख जास्त मोजून घेतलेली इलेक्ट्रिक गाडी सीएनजीच्याच भावात पडते. तो का घेईल?

आणि ज्याला घरी प्लग मिळाला, त्यालाही आपलं दरपत्रक शिक्षा करतं. महिन्याला २५० युनिट वापरणारं घर मोटार चार्ज करू लागलं की ४०० युनिटवर जातं. वाढलेल्या १५० पैकी १०० युनिटं थेट तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२४-२५ च्या दराने सगळं धरून युनिटला १८ रुपयांच्या वर. बिलात सुमारे अडीच हजारांची भर. हे टप्पे जास्त उधळपट्टी करणाऱ्याला आवर घालायला केले होते. पेट्रोल सोडून विजेवर आलेला माणूस उधळ्या ठरतो का? २०१८ मध्येच वीज नियामक आयोगाने चार्जिंग केंद्रांसाठी वेगळा दरवर्ग केला, तेव्हा दर होता ६ रुपये. घरच्या मीटरवर मात्र घरगुतीच दर राहिला. नंतरच्या आदेशांनी आकडे हलले, पायऱ्या तशाच आहेत. वेगळ्या दराचा वेगळा मीटर घ्यायचा, तर जिन्याखालच्या बोळात जागा आणि पुन्हा कमिटीची सही. फिरून आपण त्याच दारात.

अनुदानाचा प्रवासही आपण जाणताच. जून २०२१ मध्ये केंद्राने दुचाकीला प्रति किलोवॅट-तास १५,००० रुपये केले, जून २०२३ मध्ये १०,००० वर आणून किमतीच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली, एप्रिल २०२४ मध्ये ५,००० आणि एप्रिल २०२५ पासून २,५००, तेही एका गाडीला जास्तीत जास्त ५,००० पर्यंत. अनुदान आटतं, हे मला मान्य आहे. ते कायमचं राहणार नव्हतंच. पण सॉकेटच्या परवानगीला सरकारचा एक पैसा लागत नाही. जे फुकट देता येतं तेच द्यायला एवढा उशीर का?

२०२१ च्या धोरणात पुण्यासाठी २०२५ पर्यंत ५०० चार्जिंग केंद्रांचं लक्ष्य होतं. त्यातली कुठे, किती उभी राहिली आणि आज किती चालू आहेत, याची प्रभागवार यादी जाहीर करा. बंद पडलेली केंद्रं त्या यादीत धरू नका. ज्या शहराशेजारच्या आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतक बनते आणि चाकणमध्ये महिंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्या बनतात, त्या शहरातल्या माणसाला ती गाडी रात्री कुठे लावायची, हे विचारत फिरावं लागतं. याचा मला संताप आहे, आणि तो मी लपवत नाही.

ऊर्जा खातं आपल्याकडेच आहे, म्हणून मीटरचा प्रश्न दुसऱ्या खात्याकडे ढकलता येणार नाही. येत्या अधिवेशनात १९६० आणि १९७० च्या दोन्ही कायद्यांत दुरुस्ती आणा : रहिवाशाने स्वखर्चाने, ठरलेल्या सुरक्षा निकषांनुसार मागितलेला चार्जिंग सॉकेट तीस दिवसांत लेखी, तांत्रिक कारण देऊन नाकारला नाही, तर परवानगी मिळाली असं समजलं जाईल. भाडेकरूलाही घरमालकाच्या संमतीने हा हक्क असेल. जुन्या इमारतींचं वायरिंग आणि भार वाढवण्यासाठी त्या १,९९३ कोटींतला काही भाग बाजूला काढा. आणि घरच्या मीटरवरून होणारं चार्जिंग टप्प्यांच्या बाहेर काढण्याचा प्रस्ताव महावितरणमार्फत आयोगापुढे न्या.

यातलं काय करणार आणि कधी करणार, ते तारखेसह कळवावं. पोच आमच्याकडे आहे; आता उत्तर हवं आहे.

आपला,
जुन्या इमारतीतला एक सदनिकाधारक
सहकारनगर, पुणे