‘धीपन’ : एकट्याचा कोयता

झाक ओदियार यांच्या ‘धीपन’ला २०१५ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. श्रीलंकेतील यादवीतून निसटलेला तमिळ सैनिक, एक अनोळखी स्त्री आणि एक पोरकी मुलगी मृतांच्या पारपत्रांवर ‘कुटुंब’ म्हणून फ्रान्समध्ये येतात. पॅरिसबाहेरील वसाहतीत त्याला रखवालीचे व झाडलोटीचे काम मिळते. तेथे राज्य मात्र मादक द्रव्ये विकणाऱ्या टोळ्यांचे! तिघे परके हळूहळू एकमेकांचे होतात, हा भाग अस्सल उतरला आहे. (नायक झालेले लेखक शोभाशक्ती स्वतः किशोरवयात तमिळ वाघांच्या सैन्यात होते.) परंतु या वसाहतीतून शासनाने अंग का काढून घेतले, तेथील तरुणांच्या हाताला काम का नाही, हे दिग्दर्शक विचारीतच नाहीत. उत्तर देतो तो एकट्या नायकाचा कोयता. आणि सुखान्त? तो इंग्लंडच्या हिरवळीवर, जणू तेथे निर्वासितांसाठी पायघड्याच घातलेल्या आहेत!